अकराव्या खांबाचा रंग

त्यांना सगळे सावकाश म्हणत. हे नाव पडलं वेल्डिंगच्या कारखान्यात. तिथे त्यांनी सव्वीस वर्षं काढली. लोखंडाचे दोन तुकडे जोडताना त्यांचा हात इतका हळू चाले, की बाकीचे दोन जोड संपवून, चहा पिऊन परत आले तरी सावकाश तिथेच वाकलेले असायचे. मुकादम ओरडायचा, लोक चेष्टा करायचे. पण त्यांचा जोड कधी नापास होऊन परत आला नाही. तपासणीला आलेला माणूस सही पाहायचा आणि म्हणायचा, "याचा आहे ना? सोडा पुढे."

सही करण्याआधी सावकाश जोड दोन्ही बाजूंनी बघत. मागची बाजू भिंतीला टेकलेली असली, तर आरसा घालून बघत. नुसत्या अंदाजाने त्यांनी कधी सही केली नाही.

कारखाना बंद पडला तेव्हा ते एक्कावन्न वर्षांचे होते. त्या वयात नवं काही शिकायचं म्हणजे अवघडच, पण सफाईची कामं घेणाऱ्या एका कंपनीने लेसरचं यंत्र आणलं होतं आणि त्यांना ठिणग्यांची सवय असलेला, न घाबरणारा माणूस हवा होता. सावकाश गेले. दोन आठवड्यांचं प्रशिक्षण होतं. शिकवणारा त्यांच्याहून निम्म्या वयाचा.

पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "काका, हात छान आहे तुमचा. पण इथे तो चालणार नाही."

"का?"

"वेल्डिंगला थांबलात की जोड पक्का होतो. इथे थांबलात की भिंत भाजते."

मग त्याने समजावून सांगितलं. उन्हात काळा शर्ट घातला तर अंग तापतं, पांढरा घातला तर तेवढं तापत नाही. लेसरचंही तेच. काजळी काळी, म्हणून ती झोताची सगळी उष्णता पिऊन घेते आणि क्षणात उडून जाते. खालचं काँक्रीट फिकट, ते बरीचशी परत फेकतं. पण बरीचशी म्हणजे सगळी नव्हे. एकाच जागी झोत धरून ठेवला तर काँक्रीटही तापतं. त्याच्यावर काचेसारखी चकाकी येते, रंग बदलतो, आत ओल असली तर तिची वाफ होऊन टवका उडतो. म्हणून ताकद कमीत कमी ठेवायची, भिंत कोरडी हवी आणि हात सतत हलता हवा.

सव्वीस वर्षांची सवय दोन आठवड्यांत जात नाही. सावकाशांनी कोऱ्या लाद्यांवर चार-चार तास नुसता हात फिरवण्याचा सराव केला, यंत्र बंद ठेवून. घरी भाजी चिरतानासुद्धा त्यांचा डावा हात हवेत डावीकडून उजवीकडे जायचा. बायको म्हणायची, "अहो, माशा हाकलताय का?"

बाकीचे नियम मात्र त्यांच्या अंगातच होते. झोत डोळ्यांना दिसत नाही. दिसत नाही म्हणून तो नाही असं नव्हे, हे वेल्डिंग करणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. कामाच्या जागेभोवती जाड पडदा. आत फक्त दोन माणसं, दोघांना त्याच झोतासाठी बनवलेला गॉगल, साधा काळा चष्मा नाही. तोंडावर मुखवटा. आतले पाइप, आरसे, चकचकीत कड्या, सगळं झाकलेलं, कारण तिथून झोत उलटा येऊ शकतो. खांबाला चिकटून धूर ओढणारी नळी, कारण उडालेली काजळी छातीत गेली तर जन्मभराचं दुखणं. आणि यंत्राची किल्ली काढून खिशात टाकल्याशिवाय गॉगल वर करायचा नाही.

आतलं दुसरं माणूस म्हणजे बटण. ती पस्तीस वर्षांची, दोन मुलांची आई. एका हाताने धुराची नळी सांभाळायची आणि दुसऱ्या हाताचा अंगठा सतत यंत्र बंद करणाऱ्या लाल बटणावर. यावरूनच तिचं नाव पडलं. सावकाश कुठे रेंगाळले की ती बटण दाबायची आणि मुखवट्याआडून ओरडायची, "काका, वेल्डिंग नाही हे!"

अशी तीन वर्षं गेली. त्यांनी पुलाखालच्या भिंती साफ केल्या, एका जुन्या गोदामाचे रंग लावलेले खांब साफ केले, शाळेच्या जिन्यावरची शाई काढली. मग आठ मजली इमारतीचं ते तळघर आलं.

त्या तळघरात गाड्या लावत. एका दुपारी एका गाडीने पेट घेतला, मग शेजारच्या तीन गाड्यांनी. माणसं सगळी वेळेवर बाहेर पडली, कुणाला इजा झाली नाही. पण तळघर छतापासून जमिनीपर्यंत काळं झालं. बत्तीस कुटुंबं इमारतीबाहेर निघाली ती नातेवाइकांकडे, मित्रांकडे, जिथे जागा मिळेल तिथे गेली. इमारतीची तपासणी करणाऱ्या इंजिनियर बाई येऊन बघून गेल्या. त्या म्हणाल्या, "वरवर बरं वाटतंय. पण काजळीखाली काय आहे ते मला दिसत नाही. खांब साफ करून घ्या. रंग नेहमीसारखा राखाडी निघाला, तर ठोकून बघून मी राहायची परवानगी देईन. बदललेला निघाला, तर खांबातून तुकडे कापून तपासावे लागतील."

त्यांनी शनिवारची वेळ दिली.

बत्तीस कुटुंबांतलं एक सावकाशांच्या मुलीचं होतं. तिसरा मजला. मुलगी, जावई आणि पाच वर्षांची नात सहा आठवडे सावकाशांच्या दोन खोल्यांत राहत होती. जावई भला माणूस, पण सासऱ्याच्या घरात सकाळी न्हाणीघरापुढे टॉवेल घेऊन उभं राहताना त्याला कुठे बघावं कळायचं नाही. मुलीने आपल्या घरातले पडदे आणून तीनदा धुतले होते. तरी धुराचा वास जात नव्हता. ती ते पुन्हा भिजत घालायची.

"काम तुमच्याकडेच आलं हे बरं झालं, बाबा," ती म्हणाली होती. "दुसऱ्या कुणी भसाभसा केलं असतं."

कामाला सुरुवात करण्याआधी सावकाशांनी कंपनीत सांगितलं, की माझी मुलगी तिथे राहते. साहेब म्हणाले, "मग? तुम्ही खांब पुसायचेत, निकाल नाही द्यायचा."

एकूण चोवीस खांब. दिवसाला पाच. प्रत्येक खांबावर मागच्या बाजूला, जमिनीपासून कमरेइतक्या उंचीवर, वीतभर पट्टा ते तसाच काळा ठेवत. मूळ कसं होतं हे इंजिनियर बाईंना बघता यावं म्हणून. दहा खांब राखाडी निघाले. लाकडी फळ्यांचे ठसे, कुण्या गवंड्याच्या बोटाची खूण, सगळं जसंच्या तसं.

बुधवारी अकरावा खांब घेतला. पहिली गाडी पेटली ती याच्या शेजारी. काजळी जाड होती, तिच्यात वितळलेलं प्लॅस्टिक मिसळून डांबरासारखं झालं होतं. एका फेरीत काही निघेना. सावकाशांचा हात मंद झाला. त्यांना ते कळलंही नाही. आणि एका जागी तो थांबला.

यंत्राची कडकड बंद झाली.

"काका! थांबलात!"

"थांबलो?"

"दोन सेकंद. मोजले मी."

सावकाशांनी किल्ली काढली, खिशात टाकली, गॉगल वर केला आणि दिवा जवळ धरला. काजळी गेली होती. खाली काँक्रीट गुलाबी होतं. फिकट, बाळाच्या हिरड्यांसारखं.

 माती भट्टीत भाजली की वीट लाल होते, तसंच काँक्रीटमधल्या वाळूत आणि खडीत लोखंडाचा अंश असतो, तोही तापला की लालसर होतो. तीनशे अंशांच्या वर गेल्याशिवाय हे होत नाही. आगीने झालं असेल, तर खांब आतपर्यंत भाजला, त्याचा जोर गेला. यंत्राने झालं असेल, तर केसाएवढा वरचा थर फक्त. रंग दोन्हीकडे सारखाच.

"माझ्या हातून झालं," ते म्हणाले.

"दोन सेकंदांत?"

"ताकद वाढवली होती ना. प्लॅस्टिक निघत नव्हतं म्हणून."

"किती वाढवली? थोडीशी. मी समोर होते."

"थोडीशी पुरते."

बटणने मुखवटा काढला. "तुम्हाला ना, काका, चूक कबूल करायची घाईच असते. बाकी सगळं सावकाश, तेवढं मात्र झटपट."

काम संपलं की त्यांना रोज एक कागद भरावा लागे. खांबाचा क्रमांक, वेळ, ताकद आणि शेवटी शेरा. यंत्रामुळे रंग बदलला, चीर गेली, टवका उडाला, तर ते शेऱ्यात लिहायचं आणि सही करायची. म्हणजे इंजिनियर बाई ती जागा हिशेबात धरत नाहीत. त्या दिवशी सावकाशांनी शेरा कोरा ठेवला आणि कागद घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला.

जिन्यात इमारतीचे सेक्रेटरी भेटले. ते रोज संध्याकाळी येऊन पडद्याबाहेर उभे राहत, आज किती झाले विचारत. सावकाशांचं उतरलेलं तोंड त्यांनी लगेच ओळखलं. सावकाशांनी जे होतं ते सांगितलं.

"म्हणजे मशीनने भाजलं," सेक्रेटरी म्हणाले.

"बहुतेक."

"मग तसं लिहा ना. आमची काही तक्रार नाही, काका. कंपनीला मी एक शब्द बोलणार नाही. एवढं मोठं काम, एखादा डाग पडायचाच. वरून रंग मारू."

"बघतो."

"बघतो काय? तुम्हीच म्हणताय ना तुमच्या हातून झालं?" मग त्यांचा आवाज खाली आला. "माझी आई बहिणीच्या हॉलमध्ये झोपते. ब्याऐंशी वर्षांची आहे. रोज सकाळी पिशवी भरते आणि दारापाशी बसते. म्हणते, चल घरी."

सावकाश घरी आले तेव्हा नात दप्तरात वह्यांसोबत आपली बाहुली कोंबत होती. "आजोबा, रविवारी आम्ही जाणार!" मुलगी हसली. पडदे घडी करून ठेवलेले होते. ते जेवायला बसले. शेरा लिहायला तीन शब्द पुरणार होते. यंत्रामुळे रंग बदलला. आणि हे शब्द खोटेही नव्हते, कारण त्यांना स्वतःला तसंच वाटत होतं. अवघड एवढंच होतं, की वाटण्यावर त्यांनी आजवर सही केली नव्हती.

गुरुवारी सकाळी ते नेहमीपेक्षा लवकर गेले. बटण आली तेव्हा ते अकराव्या खांबाच्या मागे गुडघ्यावर बसले होते. यंत्र पेटीतच होतं. मुखवटा लावून ते काजळी पुसायच्या कोरड्या रबरी स्पंजने राखून ठेवलेला काळा पट्टा घासत होते.

"हे काय? तो पट्टा इंजिनियर बाईंसाठी आहे ना?"

"अर्धा त्यांच्यासाठी ठेवलाय."

"यंत्राने एका मिनिटात होईल."

"यंत्र नकोच. इथे झोत एकदाही लागलेला नाही. लागू द्यायचा नाही."

बटणला कळलं. तिने दुसरा स्पंज घेतला आणि खाली बसली. स्पंज काळा झाला की चाकूने वरचा थर कापायचा आणि पुन्हा घासायचं. असा पाऊण तास गेला. मग ती म्हणाली, "काका, दिवा धरते. बघा."

काजळीखालून गुलाबी रंग वर आला. समोरच्या बाजूला होता तोच, किंबहुना थोडा गडद.

सावकाशांचा जीव भांड्यात पडला. ते चक्क हसले. मुखवटा खाली ओढून म्हणाले, "मी नाही केलं! बघितलंस? माझा हात नाही हा!"

बटण हसली नाही. ती दिवा धरून तशीच बसली होती. "तुमची लेक कितव्या मजल्यावर राहते?" तिने विचारलं.

सावकाशांचं हसू जागच्या जागी थांबलं. मग ते खांबाला पाठ टेकून जमिनीवर बसले. ज्या खांबाला पाठ टेकली, त्याच्यावर आठ मजले होते. आपण अर्ध्या मिनिटापूर्वी कशावर हसलो, हे त्यांनी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. बटणनेही नाही. त्यांच्या हाताखाली हे काम शिकलेल्या मला ते बऱ्याच वर्षांनी, बोलता बोलता, त्यांनीच सांगितलं आणि मान खाली घातली.

मग ते उठले. आधीच्या दहाही खांबांचे पट्टे त्यांनी बोटभर घासून पाहिले. सगळे राखाडी. खिशातला कागद काढून पेटीच्या झाकणावर ठेवला आणि लिहिलं: खांब अकरा. गुलाबी रंग. जिथे यंत्र लागलेलं नाही तिथेही काजळीखाली तोच रंग आहे. हाताने घासून पाहिलं. समोरच्या बाजूला माझा हात दोन सेकंद थांबला होता. रंग यंत्राने आलेला नाही. थोडी जागा उरली होती. तिथे लिहिलं: माझी मुलगी या इमारतीत राहते. आणि सही केली.

"शेवटचं कशाला?" बटणने विचारलं.

"उद्या कुणी विचारायच्या आत."

संध्याकाळी सेक्रेटरींनी तो कागद दोनदा वाचला.

"काल तुम्ही म्हणालात बहुतेक मशीनने."

"काल मी बघितलं नव्हतं."

"आणि काका, तुमच्या मुलीचं काय? तिला आवडेल हे?"

"नाही आवडणार." सावकाशांनी पडदा बाजूला केला. "साहेब, आत या. यंत्र बंद आहे, किल्ली माझ्याकडे आहे. एकदा बघा."

सेक्रेटरी आत गेले. त्यांनी खांबाच्या कडेवर अंगठ्याचं नख ओढलं. काँक्रीटवर नख उमटत नसतं. इथे बारीक पूड निघाली आणि त्यांच्या चपलेवर पडली. त्यांनी पुन्हा एकदा नख ओढून पाहिलं, थोडं वरच्या बाजूला. मग हात खिशात घातले.

"हे आता सगळ्यांना सांगायचं कुणी?" ते म्हणाले. ते सावकाशांना विचारत नव्हते.

इंजिनियर बाईंना सेक्रेटरींनीच फोन केला आणि त्या शुक्रवारीच आल्या. खांबातून मनगटाएवढा गोल तुकडा कापून काढला. गुलाबी रंग चार बोटं आत गेला होता, सळईच्याही पलीकडे. त्याच संध्याकाळी अकराव्या खांबाभोवती लोखंडी टेकू उभे राहिले. शनिवारी इमारतीसमोरच्या मोकळ्या जागेत रहिवासी जमले. परवानगी मिळणार म्हणून काही जण सामानच घेऊन आले होते. बाईंनी सरळ सांगितलं. उरलेले तेरा खांब साफ होईपर्यंत किती भाजले आहेत ते कळणार नाही. भाजलेल्यांना बाहेरून नवं काँक्रीट घालावं लागेल. निदान आठ महिने.

कुणीतरी मागून ओरडलं, "या साफसफाईवाल्यांनी भाजलंय! त्यांनाच विचारा!"

सेक्रेटरी म्हणाले, "त्यांनी भाजलं असतं तर आज आपण वर असतो. ते म्हणाले, नाही भाजलं. मी स्वतः नख लावून बघितलंय." एवढं बोलून ते बसले. त्यांची आई पिशवी मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत होती. तिला कुणी काय सांगितलं कोण जाणे, पण तिने पिशवीचे बंद सोडले आणि पुन्हा बांधले.

परत जाताना मुलगी सावकाशांच्या दोन पावलं पुढे चालत होती. बस थांब्यावर कुणी नव्हतं.

"तुम्हाला गुरुवारीच माहीत होतं."

"हो."

"मी समोर बसून पडद्यांना इस्त्री करत होते, बाबा. एका शब्दाने सांगितलं नाहीत."

"सांगितलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?"

ती रस्त्याकडे बघू लागली. "म्हणाले असते, मशीनने झालं म्हणून लिहा."

"आणि मी लिहिलं असतं," सावकाश म्हणाले. "तुझं ऐकलं असतं मी."

तिने त्यांच्याकडे बघितलं नाही. बस आली तेव्हा ती पुढच्या बाकावर बसली, ते मागच्या.

घरात चार दिवस ती फक्त कामापुरतं बोलली. मग आईच्या घराजवळची शाळा शोधून तिने नातीचं नाव घातलं, कपाटातले दोन खण मागून घेतले आणि जावयाने पहाटे उठून सगळ्यांच्या आधी आंघोळ करायची असं ठरवून टाकलं.

तळघरात टेकू लावून झाल्यावर काम पुन्हा सुरू झालं. कामाचं नाव आता बदललं होतं. काजळी काढायची ती इमारत उजळावी म्हणून नव्हे, खाली काय आहे ते कळावं म्हणून. सावकाशांनी ताकद आणखी खाली आणली, म्हणून आता दिवसाला एकच खांब होई. बारावा आणि तेरावा गुलाबी निघाले. चौदावा राखाडी.

चौदाव्याच्या दुपारी पहिल्यांदा मुलीचा फोन आला. "चौदावा?" तिने विचारलं.

"राखाडी."

"बरं." फोन बंद.

त्यानंतर ती रोज दुपारी फोन करू लागली. ना नमस्कार, ना जेवलात का. फक्त आकडा. पंधरावा राखाडी. सोळावा राखाडी. सतराव्याच्या दिवशी फोन लवकर आला.

"सतरावा?"

"अर्धाच झालाय अजून. खालचा भाग राहिलाय."

"मग थांबते मी."

"अगं, अर्धा तास तरी लागेल."

"असू दे. ठेवू नका फोन."

सावकाशांनी फोन पडद्याबाहेरच्या स्टुलावर ठेवला, तसाच, चालू. बटणने त्यांच्याकडे बघितलं आणि पडदा ओढून घेतला. दोघांनी मुखवटे चढवले, गॉगल लावले, एकमेकांना मान हलवून खूण केली, आणि त्यांनी किल्ली फिरवली. यंत्राची कडकड सुरू झाली.

पस्तीस मिनिटांनी त्यांनी किल्ली काढली, खिशात टाकली, गॉगल वर केला. दिवा जवळ नेऊन खांब चारही बाजूंनी पाहिला. मग पडद्याबाहेर येऊन फोन कानाला लावला. पलीकडून श्वास ऐकू येत होता.

"राखाडी," ते म्हणाले.